चाळिसांच्या वर्गातली आम्रपाली

कॉलेजचं नाव मी सांगणार न्हाई. माझं कॅन्टीन अजून तिथंच हाय, अन् माझ्या जिभेला हाड न्हाई हे आधीच साऱ्या तालुक्याला ठावं हाय. घाटनांदूरहून यष्टीत बसलं की थोड्या येळानं फाटा लागतो. फाट्यावर उतरून माळाकडं बघितलं की पिवळी इमारत दिसती, ती आमची. मी गीताबाई. चहा, पोहे, अन् कुणी सांगितलंच तर भजे. सांगतं कोण म्हणा!

तर मला सांगायचंय आम्रपालीचं. आम्रपाली भारत ओव्हाळ. पूर्ण नाव कावून सांगायली ते म्होरं कळंल.

उंच, सावळी, केस गच्च बांधलेले, खांद्याला काळी बॅग. बाप भारत पुण्यात कंपनीत हेल्पर. भाऊ जीवन बापाजवळ राहून पोलीस भरतीचं ग्राउंड मारायलाय. माय चतुराबाई लोकांच्या रानात खुरपायला जाती. पोरगी बारावीला चांगली पास झाली, तवा बाप फोनवर म्हणला, "पुण्यात दोघांचं न्हाई व्हणार बाई. तू घरून जाऊन-येऊन शीक." म्हणजे भावाला पुणं अन् बहिणीला फाटा! मला ऐकूनच राग आलता. ती म्हणायची, "जाऊ दे मावशी, शिकायला तर मिळायलंय."

शिकायला काय, तर बीबीए, अन् म्होरं कंसात सीए. ह्या सीएनं लई घोळ घातला. तिच्या गावात साऱ्यांना वाटलं, पोरगी मोठ्या लोकांचे हिशेब तपासणारी सीए व्हायली. मलाबी तसंच वाटलं. ती म्हणली, "ते न्हवं मावशी. हे सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. अर्धा धंदा शिकायचा, अर्धा कॉम्प्युटर."

"अर्धं-अर्धं? मग पूर्ण काय येणार तुला?"

लई हसली. तिला हसायला थोडंच लागायचं.

कोर्स नवा, ही पहिलीच तुकडी. मागून दुसरी आलीच न्हाई. वर्गाच्या पटावर चाळीस नावं. पहिल्या महिन्यात त्यातले आठ-दहा जण यायचे बी. मग एकेक जण पुण्याला गेला. आमच्याकडची रीतच हाय ती. नाव इथल्या कॉलेजात, माणूस तिकडच्या अभ्यासिकेत. पोलीस भरती, न्हाईतर तलाठी, न्हाईतर अजून काय. पदवी हाताशी असावी म्हणून इथं नाव घालायचं अन् परीक्षेला तेवढं उगवायचं, तेबी तालुक्याच्या सेंटरवर, साऱ्या कॉलेजांच्या गर्दीत, कोण कुठला ते कळत न्हाई. हिचा भाऊ जीवन बी असाच कुठल्या तरी कॉलेजच्या पटावर हाय. कॉलेजला नावं पायजे, पोरांना पदवी पायजे, कुणाचं काई अडत न्हाई. ह्या एकीचं अडलं. तिला खरंच शिकायचं व्हतं, आता बोला!

शेवटी दोघी उरल्या. ती अन् सत्यशीला. सत्यशीला रामकिसन गंगणे. बुटकी, गोरी, बडबडी. दोघींचं एक बाक, एक डबा. दिवाळीच्या सुट्टीला सत्यशीला घरी गेली ती परत आलीच न्हाई. बापानं माजलगावच्या पोराशी लग्न लावून दिलं. आम्रपाली लग्नाला गेलती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन बसली अन् म्हणली, "मावशी, ताटात तांदूळ पसरून त्यात बोटानं लिहिलं अन् तिचं नाव बदललं. गौरी ठेवलं."

मी म्हणलं, "ठेवत्यात की. माझंबी बदललंय. माहेरची मी शेवंता."

"मग शेवंता कुठं गेली गं मावशी?"

असलं इचारती! मी म्हणलं, चहा पी गप.

त्या दिवसापासून ती वर्गात एकटी.

एकटी म्हणजे कशी, सांगते. सकाळी यष्टीतून उतरायची, वर्ग उघडायची, अन् फडक्यानं दोन बाकं पुसायची. दुसरं कावून पुसती म्हणलं तर म्हणायची, "कुणी आलं तर." डबा खायला माझ्याकडं यायची. झाकणात सवयीनं अर्धी भाजी काढायची, मग ध्यानात आलं की परत डब्यात ओतायची. मला बघवायचं न्हाई. मी मुद्दाम म्हणायची, "आण इकडं ती भाजी, माझ्या तोंडाची चव गेलीय." खाऊन वर नावं ठेवायची, मीठ कमी हाय म्हणून.

शिकवायला धर्मराज सर. तासिकेवर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, सुट्टी लागली की घरी. पोरगी आली तर तास, न्हाई आली तर सर बसले माशा मारत. त्या तासिकेपायी बिचाऱ्याचं लग्न जमत न्हवतं. पण माणूस इमानदार. एका पोरीसाठी फळा भरून लिहायचा. आता तरणा मास्तर, तरणी पोरगी अन् रिकामा वर्ग. आमचा मुलूख तुमाला ठावं हाय, लोकांच्या जिभेला माझ्यापरीस लांब शेपूट. सरच माझ्याकडं आले. "मावशी, तुम्ही दारात बसत जा. लसूण सोला, तांदूळ निवडा, काहीही करा, पण बसा."

गिऱ्हाईक न्हाईच, तर बसले. दीड वर्स मी त्या दारात लसूण सोलला. मागणी अन् पुरवठा मला कुणी शिकवला न्हाई, आपोआप कानात गेला.

पहिल्या दिवशी सर हजेरी न घेताच शिकवायला लागले. एकट्या पोरीची काय हजेरी? तर ही उठून उभी राहिली. "सर, हजेरी घ्या ना. सगळ्यांची घ्या. नावं ऐकली की वर्ग भरल्यासारखा वाटतो." सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, अन् हजेरी घेतली. तवापासून रोज. सर एकेक नाव घ्यायचे, जरा थांबायचे, म्होरचं घ्यायचे. मधीच एकदा "हजर सर." बाकी माळावरचा वारा. पहिल्या-पहिल्यांदा मला भ्याव वाटायचं. मेलेल्या माणसांना हाका मारल्यावानी वाटायचं ते. पण तिला सारी नावं बापाच्या नावासकट पाठ झाली. "हा विजयसिंह कसा असंल गं मावशी? मला वाटतं त्याला चष्मा असंल," असं म्हणायची. कधी न बघितलेल्या पोरांना तिनं तोंडं दिलती.

दुसऱ्या वर्साला एक खराखुरा धंदा निवडून त्याचा कॉम्प्युटरवर प्रोग्राम करायचा व्हता. चौघांचा गट पायजे, असा नियम. हिचा गट म्हणजे ही. चौघांची कामं एकटीनं करायची. अन् माळावर धंदा कुठला? माझं कॅन्टीन! रोज येऊन इचारायची, आज चहा किती गेला, पोहे किती उरले, दूध नासलं का. मी वैतागायची. "पोरी, जे खपलंच न्हाई ते कॉम्प्युटरात घालून काय दुप्पट व्हणार हाय का?" एक दिवस मला हाताला धरून कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन गेली. पडद्यावर एक रेघ आडवी पडलेली.

"ही बघ तुझी गिऱ्हाईकं."

"ही कावून निजली?"

"तेच कॉम्प्युटरला सांगता येत न्हाई मावशी. निजलीय एवढंच सांगतो तो. कावून निजली ते माणसाजवळ बसून इचारावं लागतं. म्हणून धंदाबी शिकायचा."

ह्याच दिवसांत निरोप आला की विद्यापीठाची कमिटी येणार. कोर्स चालू ठेवायचा का न्हाई ते बघायला. आमचे हेडक्लार्क अर्जुनराव, कपाळाला गंध, शर्टाला इस्त्री, त्यांचा तर घामच निघाला. लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलले. अन् आम्रपालीला बोलावून सांगितलं, वर्गात पोरं दिसली न्हाईत तर कोर्स बंद, तुझं तिसरं वरीस गेलं.

ती तशीच माझ्याकडं आली. "मावशी, बंद झालं तर मी घरी. दुसरीकडं कुठं बाबा पाठवणार न्हाईत. मग एक तर आईसंगं रान, न्हाईतर सत्यशीलेसारखं ताटातले तांदूळ." ह्या पोरीकडं ह्या रिकाम्या वर्गाबगर दुसरं काईच न्हवतं, अन् तेबी जायला निघालं व्हतं.

अर्जुनरावनं तोड काढली. पलीकडच्या गावच्या शाळेतून अकरावीची पोरं आणायची, ह्या वर्गात बसवायची, अन् ज्याला त्याला चिठ्ठीवर एक नाव लिहून द्यायचं. कमिटीनं इचारलं तर ते नाव सांगायचं. आम्रपाली म्हणली, "हे खोटं हाय मावशी." मी म्हणलं, "खोटं हायच. पण त्यात तू एक तर खरी हायस ना? मग झालं!" असं म्हणून बसले मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

कमिटीच्या दिवशी पोरगी पहिल्या यष्टीनं आली. साऱ्या वर्गातली बाकं पुसली. अकरावीची पोरं कलकल करत आली, अन् हिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! लग्नघरातल्या यजमानिणीवानी पुढं झाली. "या, इथं बसा. तू पुढं बस गं, फळा नीट दिसंल." आपलं सोताचं बाक तिनं एका सायली नावाच्या पोरीला दिलं, अन् आपण पार मागं जाऊन बसली. भरलेला वर्ग मागून बघायचा व्हता तिला. इतकी खूश मी तिला कधी बघितली न्हवती.

कमिटीत पांढऱ्या केसांच्या एक मॅडम अन् संगं दोघं. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले, कप दिले अन् भिंतीला टेकून उभी राहिले. मॅडम म्हणल्या, "आपापली नावं सांगा बरं." पुढून सुरुवात झाली. पोरं एकेक करून उठायली, पाठ केलेलं नाव बोलायली. एक काटकुळं पोरगं म्हणलं, "विजयसिंह." त्याला चष्मा न्हवता. मागं आम्रपाली गालात हसली.

मग सायली उठली. चिठ्ठीवरचं नाव शाईनं तळहातावर उतरवलेलं, तिकडं बघितलं अन् खणखणीत आवाजात म्हणली, "आम्रपाली भारत ओव्हाळ."

मी वळून मागच्या बाकाकडं बघितलं.

काय झालं कळलं का? अर्जुनरावनं पटावरची सारी नावं चिठ्ठ्यांवर उतरवली अन् वाटून मोकळा झाला. त्यात एक नाव जित्या माणसाचं हाय, हे त्याच्या डोस्क्यातच आलं न्हाई. त्याला चाळीसच्या चाळीस नावं कागदाचीच. वऱ्हाड निघालं अन् नवरी घरीच ऱ्हायली, तशी गत! फळ्याजवळ धर्मराज सर पांढरे पडले. अर्जुनराव दारात हात जोडून हसत उभा, त्याला अजून पत्ताच न्हाई.

पाळी मागं-मागं सरकायली. मी तोंड उघडलं. बोलणारच व्हते मी, की अहो मॅडम, ही एकच पोरगी खरी हाय, अन् तिचंच नाव ह्या अर्जुनरावनं भलत्याला देऊन टाकलंय! तेवढ्यात आम्रपालीनं माझ्याकडं बघितलं. मान एवढीशी हलवली. नको मावशी. मी बोलले असते तर तिचं नाव वाचलं असतं अन् वर्ग गेला असता. जिंदगीत पहिल्यांदा मी तोंडात आलेलं गिळलं.

शेवटी ती उठली. तिला सारी नावं पाठ. कुठलं एक नाव अजून कुणी घेतलं न्हाई, ते ऐकता-ऐकता तिला कळलंच व्हतं.

"सत्यशीला रामकिसन गंगणे," ती म्हणली.

मॅडमनी मान हलवली. मग इचारलं, "धंदा आणि कॉम्प्युटर, हे एकत्र कशासाठी शिकायचं? वेगवेगळं शिकलं तर काय बिघडतं?"

अकरावीची पोरं बुटांकडं बघायली. मागून हिनं हात वर केला. हात खाली ठेवायला तिला जमलंच नसतं. दीड वर्सात भरल्या वर्गात तिला पहिल्यांदाच कुणी काई इचारलं व्हतं.

"मॅडम, मी आमच्या कॅन्टीनचा प्रोग्राम केलाय. कॉम्प्युटरनं मला सांगितलं की चहा खपत नाही. का खपत नाही, ते त्याला माहीत नव्हतं. ते कळायला मी मावशीजवळ जाऊन बसले. तेव्हा कळलं की चहा चांगलाय, दूध चांगलंय, भावही बरोबर आहे. प्यायलाच कुणी नाही. दोन्ही शिकले नसते तर मी चहात साखर वाढवा म्हणून सांगितलं असतं."

मॅडमचा कप वाटेतच थांबला. "वर्गात चाळीस जण, आणि चहा प्यायला कुणी नाही?"

अर्जुनराव खोकला. सरांनी डोळे मिटले. मी मनात म्हणलं, गेलं, सारं गेलं.

आम्रपाली म्हणली, "सगळे लांब असतात, मॅडम."

ते खरंच व्हतं की. मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणल्या, "तुझं नाव परत सांग. नीट सांग."

मला वाटतं बाईला कळलं व्हतं. मला वाटतं तिनं दार उघडून दिलं व्हतं, सांगायचं असंल तर सांग म्हणून. आम्रपालीनं सायलीच्या पाठीकडं बघितलं, साऱ्या भरलेल्या बाकांकडं बघितलं, अन् म्हणली, "सत्यशीला, मॅडम."

"शाब्बास सत्यशीला. शिकत राहा," मॅडम म्हणल्या अन् लिहून घेतलं.

कोर्स वाचला. कमिटीची गाडी गेटाबाहेर गेली की अर्जुनरावनं पोरांना समोसे वाटले. खिशात हात घातला तर एक चिठ्ठी उरलेली, सत्यशीलेची. तवा कुठं त्याच्या डोस्क्यात उजेड पडला. "अरे तिच्या मारी! पण निभलं ना? कोर्स वाचला, अजून काय पायजे?" मी त्याला अशी झाडली, अशी झाडली! "तुमचं नाव भर वर्गात दुसऱ्यानं सांगितलं असतं म्हणजे कळलं असतं तुमाला, अर्जुनराव!" तो समोसा घेऊन निघून गेला.

सायली माझ्या नळावर हात धुवायली. बाजूला आम्रपाली कप विसळू लागत व्हती. पोरगी तिला म्हणली, "ताई, तुम्ही काय भारी बोललात! तुमचं खरं नाव काय हो?"

आम्रपालीनं तिच्या तळहाताकडं बोट केलं. शाई अर्धी धुतली गेलती. पोरीनं हात मागं ओढला, बघत राहिली, अन् तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा काय दोष, लेकराचा. तिच्या शाळेच्या मास्तरानं हाक मारली, ती गेली. सारे गेले. दुपारी माळ परत व्हता तसा.

मग आम्रपालीनं सत्यशीलेला फोन लावला. तिच्या फोनचं काईतरी बिघडलंय, स्पीकरवरच बोलावं लागतं, म्हणून मी ऐकलं.

"सत्ये, आज वर्गात तुपलं लई कौतुक झालं."

"माझं? काय सांगायलीस!"

हिनं सारं सांगितलं. मग बारीक आवाजात सत्यशीला म्हणली, "त्या नावानं मला आता कुणी हाक मारत न्हाई गं. मायसुदिक गौरीच म्हणती." अन् मग एकदम, "सांग ना, मी काय उत्तर दिलं? मी काय बोलले मॅडमला?"

आम्रपालीनं तिला अख्खं उत्तर सांगितलं. चहा, दूध, साखर, सारं. "असं बोललीस तू," म्हणली. तिकडं पोरगी हुंदके द्यायली का हसायली कळंना. मागून कुणीतरी बाई ओरडली, "ए गौरी!" अन् फोन बंद झाला.

मग ही रडली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना बघितलं न्हवतं. "मावशी, दीड वर्स मी एकटीच येत व्हते ना गं? अन् आज सारे आले, तर मीच न्हाई." मी तिला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी वाटलं ती येणार न्हाई. आली. दोन बाकं पुसली, आपल्या जागेवर बसली. मी दारात लसूण घेऊन बसले. सरांनी हजेरी काढली. तिचं नाव पटावर वरच हाय.

"आम्रपाली भारत ओव्हाळ."

ती गप. बाजूच्या पुसलेल्या बाकाकडं बघत व्हती. दुसरं कुणीतरी बोलंल, असं वाटत व्हतं जणू तिला. सरांनी परत म्हणलं, "आम्रपाली?"

मग मात्र मला ऱ्हावलं न्हाई. कालचं सारं गिळलेलं वर आलं. लसणाचं सूप बाजूला सारलं अन् उभी राहून वरडले, "हजर हाय! ती बघा, समोर बसलीय! पहिल्या दिवसापासून हजर हाय! लिहा सर, ठळक लिहा!"

माझा आवाज माळावर लांबपतुर गेला असंल. तिनं दाराकडं वळून माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं, अन् उठून उभी राहिली.

"हजर सर."

सरांनी लिहिलं. मग म्होरचं नाव घेतलं अन् थांबले. आमी तिघंबी गप बसलो, कोण बोलतंय का ते ऐकत.